ठिपक्यात बसलेली पोरगी

आमच्या भागात रेल्वे नाही. जळकोटला नाही, नळदुर्गला नाही, अणदूरला नाही. मी शाळेत होते तेव्हापासून ती येणार आहे. ती येणार म्हणून नारळ फुटले, भाषणं झाली, फलक लागले. ते फलक उन्हानं पांढरे पडले की नवे लागले, चेहरे तेवढे बदलले. आता तुळजापूरकडं खरोखरच मातीचे भराव आणि पुलांचे खांब दिसू लागलेत, त्यामुळं माझी जरा पंचाईत झाली आहे. आयुष्यभर जपलेला संशय म्हातारपणी सोडून द्यावा लागला तर जड जाईल.

पण रूळ गावात यायच्या आत आमच्या घरातली मुलगीच रेल्वेपर्यंत जाऊन पोचली. माझ्या धाकट्या भावाची थोरली लेक. ती असिस्टंट लोको पायलट आहे. इंजिनात दोघं बसतात, त्यांतली एक. जळकोटला महामार्गाच्या कडेला भावाची पिठाची गिरणी आहे आणि मागं घर. आमचं घराणं छप्पन सालच्या धर्मांतरातलं. पोरांनी शिकायचं, हे आमच्याकडं कुणी भाषण करून सांगत नाही, जेवायला बस म्हणावं तसं सांगतात. पण शिकून काय व्हायचं याचे आमचे पर्याय ठरलेले होते. मास्तर, नर्स, तलाठी, फार तर बँक. मी स्वतः त्यांतला पहिला पर्याय निवडून नळदुर्गच्या शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाले. इंजिन कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

गावानं ते मान्य केलं, पण आपल्या पद्धतीनं. लग्नकार्यात बायका माझ्या भावजयीला विचारायच्या, "पोरगी रेल्वेत काय करती?"

"गाडी चालवती."

"म्हंजी तिकिटं तपासती व्हय?"

"न्हाय. चालवती."

"बाया कुठं चालवत्यात गं? मागल्या डब्यात झेंडी घिऊन बसत आसंल."

एकच गोष्ट दहा जणींनी दहा मांडवांत सांगितली की माणसाला स्वतःचं माहीत असलेलंही पातळ वाटायला लागतं. एकदा गिरणी बंद होती आणि आम्ही दोघी चाळणी झाडत बसलो होतो, तेव्हा भावजय हळूच म्हणाली, "अक्का, ती खरंच चालवती का वो? का चालवणारा दुसराच, आन् ही नुसती शेजारी बसती? नावातच असिस्टंट हाय."

मी तिला समजावलं. दोघांचंही काम असतं, सिग्नल दोघांनी बघून मोठ्यानं म्हणायचा असतो, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे तुमचं वाचलेलं हाय. म्या डोळ्यानं बघितलं न्हाय."

"फोटो पाठवलाय की तिनं. इंजिनातला."

"फोटूत काय, माणसं वाघाशेजारीबी बसत्यात."

इतिहासाच्या पुस्तकांतल्या पुष्कळ फोटोंबद्दल माझं स्वतःचं मत तेच आहे.

मुलगी बहुतेक मालगाड्यांवर असायची. त्या कुठून कधी सुटतील त्याचा भरवसा नाही, आणि फोनवरच्या गाड्यांच्या नकाशावर त्या दिसतही नाहीत. मग एका संध्याकाळी मी जळकोटला असतानाच तिचा फोन आला. परवा तिला पहिल्यांदाच मेलगाडीवर ड्यूटी होती. दक्षिणेच्या टोकाकडून मुंबईला जाणारी लांब पल्ल्याची गाडी. वाडी जंक्शनला ही चढणार आणि सोलापूरपर्यंत नेणार. भर दिवसा. आणि पुढच्या आठवड्यापासून तिची बदली खालच्या बाजूला, आंध्रात होणार होती. "आपल्या अंगाला ही बहुतेक एकच," ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, "मग सोलापूर टेसनातच येतो आमी."

"टेसनात नको," भावजय म्हणाली. एरवी ती नवऱ्याचं बोलणं तोडत नाही. "थांबलेल्या गाडीत कुणीबी बसंल. मला पळती बघायची हाय."

मग मुलीनं सांगितलं, की दुधनी स्टेशन सोडलं की अक्कलकोट रोडच्या अलीकडं एक फाटक लागतं. रस्ता तिच्या बसायच्या बाजूनं येतो. दोनच्या सुमारास गाडी तिथून जाईल. "पण आई, आधीच सांगून ठेवते. मी हात हलवणार नाही. झेंडी बाहेर धरीन, पण ती गेटमनसाठी असते. तुमच्यासाठी नाही."

"बरं बाई. लई मोठी सायबीन झालीस," भावजय म्हणाली, आणि त्या रात्रीपासून तिनं दुसरं काही बोलायचं सोडलं.

भावानं त्याच रात्री फोनवर गाड्यांचा नकाशा उतरवून घेतला. नळदुर्गला घरी परतल्यावर मीही घेतला. असल्या गोष्टींपासून मी लांब राहते, पण हा नकाशा बघितला आणि माझी वाचायची पुस्तकं तशीच उघडी पडून राहिली. देशभर पसरलेल्या बारीक रेघा आणि त्यांवरून सरकणारे शेकडो ठिपके. प्रत्येक ठिपक्यात हजारभर माणसं, कुणी झोपलेली, कुणी भांडणारी, कुणी डबा उघडलेली, आणि आपण नळदुर्गात चहा पीत त्यांना वरून बघतोय. देवांना असंच दिसत असावं. त्यांचं आपल्याकडं लक्ष का नसतं, तेही त्या रात्री कळलं. एक ठिपका बघत बसलं की दुसरा राहून जातो.

बातमी गावात फुटली ती गिरणीतून. दळण घेऊन आलेल्या माणसाला पीठ आणि बातमी दोन्ही मिळतात. सकाळपर्यंत ती अध्यक्षांपर्यंत पोचली. ते कशाचे अध्यक्ष आहेत हे कुणी विचारत नाही, पण सत्कार असला की ते असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फलक छापून आणलासुद्धा. त्यावर 'रेल्वेची रणरागिणी' असं लिहिलेलं, मधोमध अध्यक्ष हात जोडून उभे, भोवती त्यांचे सहकारी गोल गोल चौकटींत, आणि खालच्या कोपऱ्यात, जिथं छापखान्याचा पत्ता असतो तिथं, आमची पोरगी.

"बाई, गुलाबाचा मोठा हार सांगितलाय," ते मला म्हणाले.

"गाडी तिथं थांबत नाही. हार कुणाला घालणार?"

"इंजिनाला घालू."

"पळत्या?"

"फेकून घालू," ते म्हणाले.

तो दिवस उजाडला. मी सकाळच्या एसटीनं जळकोटला आले. भावानं गिरणी लवकर उरकली होती, पिकअप पुसून ठेवली होती, आणि दाराशी चार-पाच दळणवाले डबे घेऊन बसले होते. दळण झालं तरी कुणी हलत नव्हतं. सगळ्यांच्या मधे पोत्यावर भावाचा फोन टेकवलेला.

"कुठं आली?" मी विचारलं.

भावाचं तोंड उतरलं होतं. "अक्का, घोळ झालाय. गाडी लई लेट हाय. बघ की, अजून समुद्राच्या कडंनंच चाललीय."

खरंच, ठिपका पार खाली होता. नारळाच्या मुलखात. नकाशावर वीतभर अंतर, म्हणजे आमच्या हिशेबानं रात्रीपर्यंतचा रस्ता. गंमत म्हणजे ठिपक्याशेजारी हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'वेळेवर'.

"वेळेवर म्हणतंय," एक म्हातारे दळणवाले म्हणाले.

"म्हणंना," मी म्हणाले. "आपल्याकडं फलकावर लिहिलेलं कधी खरं झालंय?"

सगळे हसले. म्हातारे म्हणाले, "व्हय बाई. खंडोबा आज अणदुरात हाय का नळदुर्गात, ते शेंबडं पोर सांगतं. देव ठरल्या दिवशी ह्या गावातनं त्या गावात जातो. ही येवढी लोखंडाची गाडी, आन् तिचा पत्ता न्हाय."

अध्यक्षांना फोन गेला. त्यांनी मोठ्या मनानं कार्यक्रम रात्रीवर ढकलला आणि लाईटची सोय करतो म्हणाले. चहा आला. कुणीतरी ठिपक्याचं कौतुक करायला लागलं, की बघा, पुलावर आला, बघा, थांबला, आता तिथं वडे घेत असतील. एकूण वातावरण क्रिकेटची मॅच पावसानं थांबल्यावर असतं तसं.

फक्त भावजय आत चुलीपाशी बसली होती. धपाटी करून फडक्यात बांधलेली होती, नवं लुगडं नेसलेली होती. मी आत गेले तशी म्हणाली, "रातच्याला काय दिसंल वो, अक्का? इंजिनाचा दिवा तेवढा दिसंल. तिचं तोंड कुठलं दिसतंय." मग जरा थांबून म्हणाली, "माज्या नशिबात तेबी फोटूतच हाय."

तिनं हात पुसले आणि भिंतीला चार्जिंगला लावलेला आपला फोन काढला. वेळ बघायला काढला असेल. लेकीचा आवाजी निरोप येऊन पडलेला होता. तिनं तो कानाला लावला, आणि तशीच, फोन कानाला धरून, बाहेर गिरणीत आली.

"अवो, पोरगी म्हणती, म्या वाडीला उभी हाय, गाडी आली, फोन बंद करती. मग तुमचा ठिपका तिकडं समुद्रात काय करतोय?"

मग भाऊ म्हणाला, "दुसऱ्या गाडीवर टाकली असंल तिला."

"तीच गाडी म्हणती. नंबरबी सांगितलाय."

मी फोन हातात घेतला. नंबर तोच. नाव तेच. आणि वरच्या बाजूला, आमच्यापैकी कुणीच ज्याच्याकडं लक्ष दिलं नव्हतं असा एक प्रश्न होता. गाडी कोणत्या दिवशी सुटली? त्याखाली दोन पर्याय होते, काल आणि आज. भावानं 'आज' दाबलं होतं. लेकीची ड्यूटी आज, म्हणजे गाडी आजची. यात चूक कुठं आहे?

चूक ही, की आम्ही एसटीची माणसं. काल सुटलेली एसटी आज रस्त्यावर नसते. असली तर ती बंद पडून उभी असते. एकाच नंबरची गाडी एकाच वेळी दोन ठिकाणी पळू शकते, काल सुटलेली अजून पोचली नाही आणि आजची मागून निघालीसुद्धा, हे आमच्या कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. सकाळपासून आम्ही उद्याची गाडी बघत होतो. ती बिचारी अगदी वेळेवर होती.

मी 'काल' दाबलं.

नकाशा गरकन वर सरकला. समुद्र गेला, नारळ गेले, आणि ठिपका दिसला. वाडी सोडून तो गुलबर्ग्याच्या अगदी तोंडाशी आला होता.

"अयाया!" म्हातारे दळणवाले उभेच राहिले. "आली की वो पोरगी!"

पुढचं सगळं एकदमच झालं. भावानं चाव्या शोधल्या, त्या त्याच्याच हातात होत्या. भावजय धपाट्यांचं गाठोडं घेऊन पिकअपमध्ये बसलीसुद्धा. मी तिच्याशेजारी चढले. दळणवाल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "गिरणी आमी बघतो, तुमी निगा!" आणि आम्ही महामार्गाला लागलो.

जळकोटपासून नळदुर्गपर्यंतचा रस्ता मी आयुष्यभर बघितलाय, पण तो इतका लांब आहे हे मला माहीत नव्हतं. पुढं ट्रक, ट्रकच्या पुढं ट्रक. हैदराबादहून निघालेलं सगळं लोखंड, सिमेंट आणि कांदा त्या दिवशी आमच्याच पुढं चाललं होतं. भाऊ हॉर्न सोडत नव्हता. फोन माझ्या हातात होता आणि मी धावतं वर्णन करत होते. शाळेत पानिपत शिकवतानासुद्धा माझा आवाज एवढा चढला नव्हता.

"गुलबर्गा आलं. थांबली आहे."

"थांबू दे! थांबू दे जरा!" भाऊ म्हणाला.

"सुटली."

"इतक्यात?"

"वो, तुमी पुढं बघा," भावजय म्हणाली. "गाडी अक्का चालवीत न्हाईत, तुमी चालवताय."

नळदुर्ग मागं पडलं. अक्कलकोटच्या रस्त्याला वळलो तसे ट्रक सुटले आणि दोन्ही बाजूंनी तूर दिसायला लागली. पण तिथं नेट गेलं. ठिपका जागच्या जागी गोठला. हा ठिपका प्रामाणिक असा, की कळलं नाही तर चूप बसतो, आणि मग एकदम उडी मारून पुढं दिसतो. मधल्या काळात गाडी कुठं होती, हे तुमचं तुम्ही समजून घ्यायचं. पुष्कळ चरित्रं अशीच लिहिलेली असतात.

"कुठं हाय?" भावजय.

"कळत नाही."

"कळत न्हाय म्हंजी?"

"थांब गं."

तिनं माझं मनगट धरलं. पिठाच्या गिरणीत काम केलेला हात होता तो, माझं मनगट दुखायला लागलं. मी ते सोडवून घेतलं नाही. एक चढ चढलो आणि नेट आलं. ठिपक्यानं उडी मारली.

"दुधनीच्या जवळ आली."

भावानं पिकअप अशी हाणली, की मागचं रिकामं पत्र्याचं पिंप आडवं होऊन फाटकापर्यंत वाजत आलं. आमची तेवढीच बँड-बाजाची सोय.

फाटक पडलेलं होतं. अलीकडं दोन मोटरसायकली आणि उसाचा एक ट्रॅक्टर उभे होते. आम्ही उतरून पळत पुढं गेलो. भावजय सगळ्यांत पुढं, गाठोडं पोटाशी धरून. गेटमन आपल्या खोलीबाहेर हिरवी झेंडी घेऊन उभा होता. त्यानं हात आडवा केला.

"मावशी, मागं व्हा. दांडीच्या मागं."

"मेल गेली का, दादा?" तिला धाप लागली होती.

"न्हाय अजून. कुणी येनार हाय का?"

"येनार न्हाय. जानार हाय," ती म्हणाली. "माझी पोरगी चालवती."

गेटमननं तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हाही विचारणार, तिकिटं तपासती का. पण तो म्हणाला, "इंजिनात उजव्या अंगाला आसंल तर इथनं दिसंल. ह्या खांबापाशी उभ्या ऱ्हावा. बारीक नजर ठेवा, लई जोरात जाती."

तेवढ्यात रूळ थरथरले. भावजयीनं माझा खांदा दाबला. पण धडधड उलट्या बाजूनं येत होती. सोलापूरकडून मालगाडी, आणि ती आमच्या पुढ्यातल्याच रुळावर. डब्यामागून डबे, कोळशाचे, उघडे, बंद, संपेनातच. पलीकडचा रूळ तिच्याआड पूर्ण झाकून गेला.

"अवो, हिच्या मागनं गेली तर?" भावजय ओरडली. "मला कसं दिसायचं?"

भाऊ खाली वाकून मालगाडीच्या चाकांमधून बघायला लागला. मी फोन बघत होते. ठिपका फाटकावर आला होता. अगदी फाटकावर. म्हणजे आम्ही आणि ठिपका नकाशाच्या एकाच जागी उभे होतो, आणि मधे कोळसा.

शेवटचा डबा गेला. हवा मोकळी झाली. आणि डावीकडं, तापलेल्या रुळांच्या टोकाशी, इंजिनाचं तोंड दिसलं. ठिपका थोडा घाईत होता, एवढंच.

मी फोन खाली केला. नकाशावर ही गाडी शांतपणे, आवाज न करता येते. खरी गाडी भोंगा वाजवत, जमीन हलवत आली आणि बघता बघता केवढी तरी मोठी झाली. गेटमननं हात लांब करून झेंडी धरली. त्याच क्षणी इंजिनाच्या आमच्या बाजूच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. निळी बाही, हातात हिरवी झेंडी, सरळ, ताठ. आणि त्यामागं चेहरा. आमचाच चेहरा. आमच्या घरातलं तेच रुंद कपाळ, केस घट्ट मागं बांधलेले, नजर गेटमनच्या झेंडीवर, मग पुढच्या रुळावर. आमच्यावर ती एकदाही आली नाही. मग वारा, धूळ, डब्यांची भिंत, आणि सगळ्यांत शेवटी गार्डाचा डबा लहान होत गेला.

मी ओरडले होते असं भाऊ म्हणतो. मला आठवत नाही. तो स्वतः रडत होता, ते मात्र मला चांगलं आठवतं.

भावजय जागची हलली नव्हती. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं खांद्यावर आला होता. मला धास्ती वाटली, की आता ही म्हणेल, तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बघितलंत, अक्का?" ती म्हणाली. "हात हलवला न्हाय तिनं."

"तिनं आधीच सांगितलं होतं गं."

"तसं न्हाय वो." ती हसत होती. सगळं तोंडभर हसत होती. "नुसती शेजारी बसली असती तर हलवला असता. आई उभी हाय, कुणीबी हलवील. काम करीत होती म्हनून न्हाय हलवला."

गेटमन झेंडी गुंडाळत होता. तो म्हणाला, "बरोबर हाय मावशी. झेंडी लई ताठ धरली पोरीनं."

धपाटी मग त्याच्या खोलीपुढं बसून खाल्ली. त्यालाही दिली. ती नेलेली होती कुणासाठी, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पळत्या गाडीत धपाटी कशी द्यायची, याचा विचार भावजयीनंही अध्यक्षांच्या हाराइतकाच केलेला असणार. खाता खाता फोन तिच्या मांडीवर होता. ठिपका अक्कलकोट रोड ओलांडून सोलापूरकडं सरकत होता आणि ती त्याला न शिवता, जरा वरूनच बोट धरून बघत होती.

परतताना नळदुर्गच्या अलीकडं समोरून अध्यक्षांची गाडी आली. कुणीतरी त्यांना गिरणीवरून खरी बातमी दिली असावी. टपावर फलक बांधलेला, वाऱ्यानं फडफडून अध्यक्षांचा चेहरा मधोमध दुमडलेला. मागं हार. त्यांनी गाडी थांबवून काच खाली केली.

"कुठं आली गाडी?"

"गेली," भावजय म्हणाली.

"गेली? आरं, थांबली न्हाय का जरा?"

"थांबंल कशाला?" भावजय म्हणाली. "माझी पोरगी चालवती ती."